वाचकांचे प्रश्न : खाऱ्या पाण्याच्या टाकीत खडक कसे रचावेत?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे घरगुती सागरी मत्स्यालयातील खडकांच्या रचनेविषयी आहेत, म्हणून संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून लांब पत्रांतला मुद्द्याचा भागच येथे घेतला आहे.

प्रश्न : मी प्रथमच खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय करीत आहे. टाकी १२० सेंटीमीटर लांब, ५० रुंद आणि ५० उंच आहे. तिच्यात किती किलो खडक घालावेत याविषयी प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. मागची काच पूर्ण झाकली जाईल अशी खडकांची भिंत उभारावी, असाही सल्ला मिळाला आहे. आपले मत काय?

उत्तर : आपली टाकी सुमारे ३०० लिटरची आहे. आपल्याला सांगितले गेलेले आकडे बहुधा एका जुन्या ठोकताळ्यातून आले असावेत. त्या ठोकताळ्यानुसार दर लिटर पाण्यामागे १२० ते २४० ग्रॅम खडक लागतो, म्हणजे आपल्या टाकीसाठी ३६ ते ७२ किलो. हा हिशेब चुकीचा नव्हता, पण तो ज्या काळात रूढ झाला त्या काळाची गरज वेगळी होती. सागरी मासे पाळण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत टाकीत प्रवाळांचे धुऊन पांढरेशुभ्र केलेले सांगाडे केवळ शोभेसाठी ठेवत असत आणि त्यांच्यावर शेवाळ धरले की ते पुन्हा बाहेर काढून धूत असत. १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी समुद्रातून आणलेला सजीव खडक (म्हणजे ज्यावर जिवाणू व बारीक जीव वस्तीला आहेत असा खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवण्याची आपली पद्धत मांडली, आणि पुढे बर्लिनमधील हौशी मत्स्यपालकांनी सजीव खडक, प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातील घाण काढणारे यंत्र) व प्रखर प्रकाश यांची सांगड घातली. या पद्धतींत पाणी शुद्ध करण्याचे काम खडकच करीत असल्यामुळे तो भरपूर असावा, असे मानले जाई.

खडक हे काम कसे करतो, हे समजले की किलोचा आग्रह आपोआप सैल होतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. खडकाच्या पृष्ठभागावर आणि बारीक छिद्रांत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, तर खडकाच्या आतल्या, प्राणवायू जेमतेम पोहोचणाऱ्या भागात दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. अर्थात महत्त्व वजनाला नसून पाण्याला भिडणाऱ्या पृष्ठभागाला आहे. जाळीदार, हलका, भोकाभोकांचा २० किलो खडक हे काम घट्ट, गुळगुळीत अशा ५० किलो खडकापेक्षा अधिक चांगले करतो. शिवाय आज बहुतेक टाक्यांना स्किमर असतो आणि खालच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळण्याच्या जोड-टाकीत, जिवाणूंसाठी सच्छिद्र माध्यम सहज ठेवता येते. आपल्या टाकीला २० ते २५ किलो सच्छिद्र खडक पुरेल. खरेदी करताना तराजूकडे कमी आणि आकाराकडे अधिक पाहावे. कमानीसारखा वाकलेला, फांद्या फुटलेला किंवा पातळ फळीसारखा एक खडक बटाट्याच्या आकाराच्या पाच गोट्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

भिंतीचा सल्ला मात्र मी स्पष्टपणे नाकारतो. मागच्या काचेला टेकून रचलेल्या भिंतीमागे पाणी जवळजवळ स्थिर राहते, तेथे घाण साचते आणि ती काढण्यासाठी हात जात नाही. माशांना खडकाभोवती फिरण्याची वाट मिळत नाही, म्हणून ते पुढच्या अरुंद पट्टीत येरझारा घालत राहतात. त्यापेक्षा दोन असमान बेटे करावीत. मोठे बेट लांबीच्या साधारण एक-तृतीयांश अंतरावर असावे, लहान बेट दुसऱ्या बाजूला थोडे पुढे असावे आणि दोहोंमध्ये तळाची वाळू दिसेल एवढी मोकळी वाट ठेवावी. पुढच्या व बाजूच्या काचांपासून निदान ८ ते १० सेंटीमीटर अंतर सोडावे, कारण काच साफ करण्याचा चुंबक तेवढ्या जागेतून मोकळेपणाने फिरला पाहिजे. मागच्या बाजूला किमान हात घालता येईल एवढी फट हवी. उंचीच्या बाबतीत संयम ठेवणे सर्वांत कठीण जाते, पण पाण्याचा वरचा एक-तृतीयांश भाग रिकामा राहू द्यावा. पुढे आपण प्रवाळ लावणार असाल तर ते वरच्या दिशेने वाढतात. फांद्यांचा अ‍ॅक्रोपोरा अनुकूल परिस्थितीत वर्षाला १० सेंटीमीटरही वाढू शकतो, आणि पहिल्या दिवशी भरलेली टाकी तिसऱ्या वर्षी प्रवाळांना कोंडवाडा वाटू लागते.

रचना टाकीत करून पाहू नये. जमिनीवर एक मोठा पुठ्ठा अंथरून त्यावर टाकीच्या तळाचे आतले माप आखावे. काचेची जाडी वजा करायला बरेच जण विसरतात. आखलेल्या चौकटीच्या आत काचेपासून सोडायच्या अंतराची दुसरी रेघ मारावी आणि सगळे खडक तिच्या आत बसवून पाहावेत. मग पुठ्ठ्यासमोर आडवे होऊन, डोळे टाकीच्या मध्याच्या उंचीवर आणून रचना बघावी, कारण उभे राहून वरून जे सुंदर दिसते ते समोरून अनेकदा दगडांचा ढीग दिसते. प्रत्येक मांडणीचे छायाचित्र काढावे आणि दोन-तीन दिवस ती तशीच राहू द्यावी. आणखी एक साधी गोष्ट अशी की, टाकीच्या वर आडव्या काचपट्ट्या असतील तर त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेचे माप आधीच घ्यावे. बाहेर जोडून तयार केलेली देखणी कमान त्या जागेतून आत जात नाही, हे चिकटवल्यानंतर कळणे फार क्लेशदायक असते.

प्रश्न : खडक वाळूवर ठेवावेत की काचेवर? काचेवर ठेवल्यास तळ फुटेल अशी भीती वाटते.

उत्तर : खडक आधी, वाळू नंतर. या उत्तरात मी कोणताही अपवाद मान्य करीत नाही आणि त्यामागे स्वतःचा अनुभव आहे. माझ्या सुरुवातीच्या एका टाकीत मी वाळू आधी पसरली आणि सहा-सात किलोचा एक सपाट खडक तिच्यावर ठेवला. तो हलत नव्हता, म्हणून मी निश्चिंत होतो. पुढे त्या टाकीत पिस्तूल कोळंबी आणि गोबी मासा यांची जोडी आली. ही कोळंबी जवळजवळ आंधळी असते. ती एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकवून ठेवते आणि दिवसभर बिळातली वाळू पुढच्या पायांनी बुलडोझरसारखी बाहेर ढकलत राहते, तर गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा करतो आणि शेपटीच्या एका झटक्याने तिला धोक्याची सूचना देतो. ते पाहण्यात मी इतका रमलो की, बाहेर येणारी वाळू कोणत्या खडकाखालून येत आहे, याचा विचारच केला नाही. एका सकाळी तो खडक पुढच्या काचेवर कलंडलेला दिसला. काच फुटली नाही, पण तिच्यावर वीतभर लांबीचा ओरखडा कायमचा राहिला आणि खडकाखाली सापडलेला गोबी मेला. तो दोष माशाचा नव्हता आणि कोळंबीचाही नव्हता.

गोबी, जॉफिश, काही कोळंब्या आणि अनेक किडे वाळू उकरणारच. समुद्री अर्चिन तर सैल खडक सरळ उचलून लोटतो. म्हणून सर्वांत खालचा खडक तळाच्या काचेपर्यंत पोहोचला पाहिजे आणि वाळू त्याच्याभोवती नंतर ओतली पाहिजे. तीन ते पाच सेंटीमीटर वाळू पुरते. तिच्यात बुडणाऱ्या पायथ्यासाठी कमी देखणे खडक वापरावेत.

काच फुटण्याची आपली भीती अनाठायी नाही. सपाट टेकलेला खडक काचेला सहसा इजा करीत नाही. इजा होते ती सगळा भार एका टोकदार कोपऱ्यावर आल्याने किंवा खडक पडल्याने. टोके छिन्नीने मोडून प्रत्येक पायथ्याला टेकण्यासाठी तीन जागा करून घ्याव्यात, कारण तीन पायांवर बसलेली वस्तू डुगडुगत नाही. काचेवर चौकोनी भोकांची प्लॅस्टिकची जाळी किंवा पातळ अ‍ॅक्रिलिकचा पत्रा कापून ठेवल्यास भार पसरतो आणि काचेला ओरखडे येत नाहीत. जाळीला फक्त एक अडचण आहे : वाळू उकरली गेली की तिच्या चौकटी उघड्या पडतात आणि त्या वाळूत झोपणाऱ्या रॅस माशाच्या वाटेत येतात. म्हणून जाळी केवळ खडकाच्या पायाखाली असावी, संपूर्ण तळभर नसावी. धातूची कोणतीही जाळी, तार किंवा खिळा चालणार नाही. खारे पाणी त्याला गंजवते, आणि तांब्याचा अंश तर कोळंबी, शंख व प्रवाळांना विषासारखा ठरतो.

वाळू ओतण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. प्रत्येक खडकाला वरून, बाजूने आणि समोरून बोटांनी दाबून पाहावे. जो खडक किंचितही हलतो, तो कधीतरी पडणार आहे, असे समजावे.

प्रश्न : खडक एकमेकांना जोडण्यासाठी काय वापरावे? सुपर ग्लूने चिकटवलेली कमान दोनदा निखळली.

उत्तर : आपल्या पत्रातील वर्णनावरून असे दिसते की, कमानीचा संपूर्ण भार आपण चिकटवलेल्या सांध्यावर सोडला होता. सुपर ग्लू कडक पण ठिसूळ असतो. तो खेचणे थोडेफार सहन करतो. मात्र बाजूने बसणारा धक्का किंवा पीळ त्याला सोसत नाही. म्हणून पहिला नियम असा की, खडक चिकटवण्याआधीच स्वतःच्या भाराने जागेवर बसला पाहिजे, आणि चिकटवणे हे तो सरकू नये एवढ्यासाठीच असावे.

कोरड्या खडकावर काम करायचे असेल तर मला पुढील पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. दोन खडक फिरवत फिरवत त्यांचा नैसर्गिक खाचा शोधावा. ती जागा सापडली की खडक हातात एकदम शांत होतो, डुगडुगणे थांबते, आणि हे बोटांना डोळ्यांच्या आधी कळते. पेन्सिलने खूण करून टेकणाऱ्या जागांवर घट्ट जेल प्रकारचा सुपर ग्लू लावावा आणि खडक दाबून धरावा. मग सांध्याभोवतीच्या फटीत त्याच खडकाचा भुगा किंवा कोरडी वाळू भरून तिच्यावर पातळ सुपर ग्लूचे थेंब सोडावेत. भुगा काही सेकंदांत दगडासारखा कडक होतो. त्या वेळी उष्णता व तिखट वाफ बाहेर पडते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी, चष्मा घालावा आणि सुती हातमोजे वापरू नयेत, कारण कापसावर सुपर ग्लू पडला की तो भाजेल इतका तापतो. दोन-तीन थर दिल्यावर सांधा खडकाच्याच रंगाचा होतो आणि शोधूनही सापडत नाही.

लांब कमान किंवा पुढे झुकणारी फळी असेल तर आत दांडी हवीच. ६ ते १० मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची दांडी यासाठी उत्तम. दगडात भोक पाडण्याचे ड्रिलचे पाते वापरावे, ड्रिलचा ठोके देणारा भाग बंद ठेवावा, खडक ओला करून घ्यावा आणि घाई न करता मंद गतीने भोक पाडावे. ठोके दिल्यास सच्छिद्र खडक अचूक नको तेथे दुभंगतो. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क असावाच. पायथ्यापासून वरपर्यंत जाणारा मनोरा हवा असेल तर जाड दांडीवर किंवा पीव्हीसी पाइपवर खडक ओवता येतात.

टाकीत पाणी असताना जोडायचे असेल तर दोन भागांत मिळणारी इपॉक्सी पुट्टी वापरावी. तिचे दोन रंग पूर्ण एकजीव होईपर्यंत मळावी आणि दोन्ही बाजूंनी दाबून बसवावी. तिच्यामुळे पुढचा एखाद-दुसरा दिवस स्किमर प्रमाणाबाहेर फेस करतो, तेव्हा त्याची पातळी कमी करून ठेवावी. सिमेंटनेही मजबूत जोड होतो, पण त्यातून निघणाऱ्या चुन्यामुळे पाण्याचा पीएच चढतो, म्हणून तशी रचना काही आठवडे पाणी बदलत भिजवत ठेवून आणि पीएच तपासूनच टाकीत घ्यावी.

प्रश्न : सजीव खडक घ्यावा की कोरडा? डोंगरात किंवा नदीकाठी सापडलेले दगड चालतील का? आणि जुन्या टाकीतला खडक निर्जंतुक करण्यासाठी उकळावा का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात जिवाला धोका आहे. टाकीतला खडक कधीही उकळू नये. खडकावर पॅलिथोआ किंवा झोअँथिड जातीचे, बटणासारखे दिसणारे जीव असू शकतात आणि ते वाळून गेल्यावर ओळखूही येत नाहीत. त्यांपैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. हे विष १९७१ साली हवाई बेटांवरील पॅलिथोआपासून वेगळे काढण्यात आले. उष्णतेने ते सहजासहजी नष्ट होत नाही. उलट उकळताना ते वाफेच्या तुषारांबरोबर हवेत पसरते आणि श्वासावाटे शरीरात जाते. खडक उकळल्याने घरातील माणसांना ताप, खोकला व श्वास लागणे अशी लक्षणे दिसून रुग्णालयात हलवावे लागल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. गरम पाणी ओतून किंवा कोरडा ब्रश घासून असे जीव काढणेही तितकेच घातक आहे. ज्या खडकावर ते आहेत तो पाण्याखालीच, हातमोजे व चष्मा घालून हाताळावा.

जुना खडक स्वच्छ करायचा असेल तर तो उघड्या जागी, एक भाग घरगुती ब्लीच आणि दहा भाग पाणी अशा मिश्रणात काही दिवस बुडवून ठेवावा, नंतर अनेकदा धुवावा, क्लोरीन काढणारे द्रव्य घातलेल्या पाण्यात भिजवावा आणि पूर्ण वाळवावा. ब्लीच आणि आम्ल एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो.

बाहेर सापडलेल्या दगडांविषयी माझे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. दगडावर व्हिनेगर टाकल्यावर बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेटचा आहे एवढेच कळते. त्यात धातूच्या शिरा आहेत किंवा त्याने कीटकनाशक शोषले आहे, हे त्या बुडबुड्यांवरून कळत नाही. शिवाय असे दगड बहुधा घट्ट असतात आणि जिवाणूंना आत शिरायला जागा देत नाहीत.

सजीव खडकाचा मोठा गुण म्हणजे त्याच्याबरोबर येणारी जीवसृष्टी : गुलाबी-जांभळे चुनखडीयुक्त शेवाळ, स्पंज, बारीक किडे आणि असंख्य जिवाणू. तोटाही त्याच जीवसृष्टीतून येतो, कारण तिच्याबरोबर आयप्टेशिया नावाचे उपद्रवी अ‍ॅनिमोन, केसाळ खेकडे आणि मँटिस कोळंबी हेही येतात. शिवाय हा खडक जिवंत प्रवाळभित्तीतून काढला जात असेल तर एका परिसंस्थेचा पाया उखडला जातो. कठीण प्रवाळ हे वन्यजीवांच्या व्यापारावरील साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून सजीव खडकाची आंतरराष्ट्रीय ने-आणही परवान्याशिवाय करता येत नाही. म्हणून रचनेचा मोठा भाग कोरड्या खडकाचा करावा आणि एखाद्या निरोगी, जुन्या टाकीतील मूठभर आकाराचा सजीव खडक त्यात बियाण्यासारखा ठेवावा, असे मी सुचवीन. कोरड्या खडकावर तो सुकण्याची चिंता न करता आठवडाभर काम करता येते, हाही रचना करणाऱ्याच्या दृष्टीने मोठाच फायदा आहे. मात्र अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे थांबावे लागते. त्यानंतर येणारे तपकिरी शेवाळ पाहून घाबरून जाऊ नये. काही कोरडे खडक पाण्यात फॉस्फेट सोडतात, तेव्हा आधी वेगळ्या पिंपात भिजवून त्या पाण्याची चाचणी करणे शहाणपणाचे आहे.

प्रश्न : खडकांच्या मागे सतत तपकिरी गाळ साचतो. दोन प्रवाह-पंप लावूनही तो हटत नाही.

उत्तर : पंपांची संख्या पुरेशी आहे, वाट बंद आहे. आपल्या छायाचित्रात खडक एकमेकांना पूर्ण चिकटलेले असून तळापासून वरपर्यंत कोठेही आरपार भोक दिसत नाही. पाणी अशा ढिगावर आपटते आणि परत फिरते. ढिगाच्या पोटाशी एक-दोन आरपार बोगदे करावेत, पायथा काही ठिकाणी कमानीसारखा उचलावा आणि एक पंप मागच्या काचेलगत वाहील असा वळवावा. प्रवाळांच्या टाकीत पंपांचा एकूण प्रवाह टाकीच्या आकारमानाच्या ताशी २० ते ४० पट ठेवण्याची पद्धत आहे, पण प्रवाह एकाच दिशेने सतत चालण्यापेक्षा आलटून पालटून आलेला बरा.

रचना बरोबर झाली की नाही, हे पाहण्यासाठी मोठ्या पिचकारीने खडकांच्या प्रत्येक फटीत पाणी मारावे. उडालेला गाळ कोठे जातो ते शांतपणे बघत राहावे. तो तरंगत गाळणीच्या तोंडापर्यंत गेला तर रचना चांगली आहे. तो दोन वितींवर पुन्हा त्याच कोपऱ्यात बसला तर तेथील एक खडक हलवायला हवा.

प्रश्न : पिवळा टँग आणि नवीन आलेले मासे यांची सतत भांडणे होतात. रचनेत बदल करून उपयोग होईल का?

उत्तर : बराच होईल. टँग, डॅम्सेल, डॉटीबॅक हे मासे ठरावीक खडक आपला मानतात. नवा मासा सोडण्याआधी काही खडकांची जागा बदलली तर जुन्या माशाची हद्द पुसली जाते आणि दोघांनाही नव्याने जागा शोधावी लागते. हा उपाय तात्पुरता आहे. कायमचा उपाय असा की, एका टोकाला असलेला मासा दुसऱ्या टोकाच्या माशाला सरळ रेषेत पाहू शकणार नाही, अशी रचना करावी. मघाशी सांगितलेली दोन बेटे येथेही उपयोगी पडतात. टँग हा दिवसभर पोहणारा मासा असल्याने त्याला बेटांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरण्याची वाट मिळाली, तर त्याचा बराचसा जोर पोहण्यात खर्च होतो.

माशांच्या संख्येपेक्षा लपण्याच्या जागा अधिक असाव्यात आणि प्रत्येक मोठ्या गुहेला दोन तोंडे असावीत, म्हणजे आत शिरलेला मासा कोंडला जात नाही. रात्री दिवे गेल्यावर विजेरीवर लाल कागद लावून टाकी जरूर बघावी. कोण कोठे झोपतो हे एकदा कळले की, पुढे कोणता खडक हलवू नये हेही कळते. फेअरी रॅस खडकाच्या खोबणीत स्वतःभोवती चिकट द्रव्याचा पारदर्शक कोश करून झोपतो. हॅलिकोएरीस जातीचे रॅस वाळूत शिरतात, म्हणून त्यांच्यासाठी वाळूचा मोकळा तुकडा हवा. रॉयल ग्रामा मासा गुहेच्या छताकडे पोट करून उलटा तरंगतो. त्याला पसरट छताची गुहा मिळाली नाही तर तो बाहेर दिसतच नाही.

प्रश्न : प्रवाळ कोठे लावावेत, याचा विचार खडक रचतानाच करावा का?

उत्तर : होय. वर उजेड व प्रवाह जास्त, खाली दोन्ही कमी, एवढे लक्षात ठेवून वेगवेगळ्या उंचीवर तळहाताएवढे सपाट ओटे तयार करावेत. उभ्या कड्याला प्रवाळ चिकटवणे कठीण जाते. दोन जातींच्या प्रवाळांत निदान १५ सेंटीमीटर अंतर ठेवावे. युफायलिया आणि त्याहूनही गॅलॅक्सिया रात्री लांब दंशकारी सोंडा बाहेर काढून शेजाऱ्याला भाजून काढतात. झेनिया, हिरवे स्टार पॉलिप आणि मशरूम प्रवाळ हे खडकावरून पसरतच जातात, म्हणून त्यांच्यासाठी बेटांपासून सुटा, भोवती वाळू असलेला एक स्वतंत्र खडक असावा. मुख्य बेटावर त्यांना जागा दिल्यास पुढे ते काढण्यासाठी संपूर्ण बेटच बाहेर काढावे लागते.

प्रश्न : माझी टाकी चार वर्षांची आहे. रचना आता आवडत नाही. सगळे खडक एकदम काढून नव्याने रचू का?

उत्तर : एकदम काढू नयेत. चार वर्षांच्या वाळूच्या खोल थरात प्राणवायूविरहित जागा तयार झालेल्या असतात. वाळू काळी पडलेली असेल आणि ढवळल्यावर सडक्या अंड्याचा वास येत असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड आहे आणि तो माशांना अल्पावधीत मारू शकतो. एका वेळी एकाच बेटाला हात लावावा, त्याच्या पायाशी असलेली वाळू नळीने ओढून घ्यावी, पाण्याचा काही भाग बदलावा आणि पुढच्या बेटाआधी दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. त्या काळात अमोनियाची चाचणी रोज करावी.

खडक बाहेर ठेवायचे ते टाकीच्याच पाण्याने भरलेल्या, हीटर व पंप लावलेल्या पिंपात ठेवावेत. हवेत फार वेळ राहिल्यास त्यांच्यावरील स्पंज मरतात आणि तेच पाणी पुढे नासवतात. शिवाय टाकीतून उचललेला प्रत्येक खडक आधी टाकीच्या पाण्याच्या वर काही क्षण तिरका धरावा आणि त्याच्या भोकांतील पाणी पूर्ण निथळू द्यावे. घाबरलेला ब्लेनी किंवा गोबी बाहेर पळण्याऐवजी ओळखीच्या भोकात आणखी आत शिरतो. मग प्रत्येक भोकात विजेरी मारून पाहावे, आणि दोन बारीक डोळे चमकले तर तो खडक तसाच अलगद पुन्हा पाण्यात सोडून मासा बाहेर येईपर्यंत थांबावे.